निकालानंतरचे सरकार

मनोरच्या नाक्यावरून एक रस्ता पश्चिमेला पालघरकडे जातो, दुसरा पूर्वेला वाडा-विक्रमगडकडे, आणि दोन्हींना छेदून मुंबई-अहमदाबाद महामार्ग अहोरात्र धावत असतो. या परिसराशी निगडित तीन मोठे प्रश्न वरिष्ठ न्यायालयांपर्यंत गेले: महामार्गालगतची दारूची दुकाने, वाढवणचे बंदर आणि आदिवासींसाठी राखीव असलेल्या नोकऱ्या. तिन्ही वेळा वर्तमानपत्रांतली मोठी बातमी निकालाच्या दिवशी आली. पण माणसांच्या वाट्याला प्रत्यक्षात काय आले, ते ठरवले निकालानंतर सरकारने काढलेल्या कागदांनी. कुठे अधिसूचना निघाली, कुठे ज्ञापन, कुठे शासन निर्णय. न्यायालय काय म्हणाले याची चर्चा आपल्याकडे भरपूर होते. सरकारने त्यावर काय केले आणि काय करायला हवे होते, याची चर्चा फारच थोडी होते. माझे म्हणणे असे, की निकाल न पटल्यास त्याला उत्तर देण्याचा विधिमंडळाला आणि सरकारला पुरेपूर अधिकार आहे. मात्र ते उत्तर निकालाने दाखवलेल्या दोषाला असले पाहिजे, आणि ते उघडपणे, कारणे देऊन, पुन्हा तपासता येईल अशा रूपात दिले पाहिजे.

घटनेने वाटा बऱ्याच ठेवल्या आहेत. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाता येते, त्याच न्यायालयात पुनर्विलोकन मागता येते, कायदा दुरुस्त करता येतो, अधिवेशन नसेल तर अध्यादेश काढता येतो, आणि फार मोठा प्रश्न असेल तर संसदेला घटनाच बदलता येते. यातल्या कायदा बदलण्याच्या वाटेवर एक रेघ आहे आणि ती पन्नासहून अधिक वर्षे जुनी आहे. भरुचच्या नगरपालिकेने बसवलेली कर-आकारणी जुन्या कायद्यात बसत नव्हती. गुजरात सरकारने नवा कायदा करून ती वैध ठरवली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात नियम घालून दिला: निकाल ज्या कारणावर उभा आहे ते कारण कायदेमंडळ दूर करू शकते, अगदी पूर्वलक्षी प्रभावानेही, पण कारण तसेच ठेवून ‘हा निकाल आमच्यावर बंधनकारक नाही’ एवढेच म्हणता येणार नाही. या रेघेच्या दोन्ही बाजू १९७५ मध्ये एकाच खटल्यात दिसल्या. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जूनला इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. त्यानंतर संसदेने दोन गोष्टी केल्या. ज्या तरतुदींवर निकाल उभा होता ते निवडणूक कायदे तिने पूर्वलक्षी प्रभावाने बदलले, आणि ऑगस्टमध्ये एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढली व दिलेला निकालच निरर्थक ठरवला. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पहिली गोष्ट मान्य केली आणि दुसरी रद्द केली. पहिली गोष्टही नीतीने योग्य होती असे मी म्हणणार नाही. आणीबाणीच्या दिवसांत, विरोधक तुरुंगात असताना ती झाली. पण कायदा बदलणे आणि निकाल पुसणे यांतला फरक त्या एका खटल्याइतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

दुसरे उदाहरण कमी गाजलेले, पण सामान्य नोकरदाराच्या जवळचे. आयुर्विमा महामंडळाच्या तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना करारानुसार बोनस द्यावा, असा आदेश मे १९७६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या एक सदस्यीय पीठाने दिला. काही दिवसांतच संसदेने तो करार मोडणारा कायदा केला, आणि आता गरज उरली नाही म्हणून महामंडळाने आपले अपील पुढे चालवलेच नाही. सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. अपील सोडून दिल्यामुळे मूळ आदेश जिवंत राहिला होता, आणि नव्या कायद्याने त्या आदेशाला हातही लावलेला नव्हता. निकाल चूक वाटत होता, तर तो चूक का आहे हे वरच्या न्यायालयात मांडायची जागा सरकारला उपलब्ध होती. ती सोडून बहुमताच्या जोरावर पैसे वाचवण्याची घाई झाली.

महाराष्ट्र विधिमंडळाने निकालांना दिलेल्या उत्तरांत डान्सबारचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्याने बारमधल्या नृत्यावर बंदी घातली, पण तारांकित हॉटेले आणि तत्सम ठिकाणांना सूट ठेवली. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली: एकच नृत्य गरिबाच्या बारमध्ये अश्लील आणि श्रीमंताच्या हॉटेलात सभ्य कसे, शिवाय बायकांच्या पोटापाण्याच्या हक्काचे काय, असे दोन प्रश्न त्या निकालात होते. सरकारने अपील केले, स्थगिती मिळवली, आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात हरेपर्यंत सात वर्षे बंदी चालूच राहिली. ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. खटला दोन्ही न्यायालयांत हरूनही सरकारला हवे ते सात वर्षे मिळाले, आणि त्या सात वर्षांत ज्यांचा रोजगार गेला त्यांना जिंकूनही काही मिळाले नाही. मग जून २०१४ मध्ये विधिमंडळाने एकमुखाने नवी दुरुस्ती केली आणि मोठ्या हॉटेलांची सूट काढून टाकली. म्हणजे दोन प्रश्नांपैकी भेदभावाच्या प्रश्नाला उत्तर मिळाले. रोजगाराच्या प्रश्नाला मिळाले नाही, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये त्या दुरुस्तीलाही स्थगिती आली. २०१६ मध्ये सरकारने सरळ बंदी सोडून नियमनाचा स्वतंत्र कायदा केला. त्यातल्या कित्येक जाचक अटी १७ जानेवारी २०१९ च्या निकालाने काढल्या, काही ठेवल्या. चौदा वर्षांनी विधिमंडळ जिथे पोचले, तिथे उच्च न्यायालयाचा पहिला निकाल नीट वाचला असता तर २००६ मध्येच पोचता आले असते.

याच्या उलट बैलगाडा शर्यतींचे. शर्यती असाव्यात की नसाव्यात यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. मला इथे उत्तर देण्याची रीत महत्त्वाची वाटते. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या केंद्रीय कायद्याच्या आधारे जल्लिकट्टू आणि शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये त्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, विषय समवर्ती सूचीतला असल्याने राष्ट्रपतींची संमती घेतली, उच्च न्यायालयाने नियमांवर बोट ठेवले तेव्हा नियम केले, पुन्हा स्थगिती आली तेव्हा वर गेले. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू व कर्नाटकाबरोबर महाराष्ट्राचीही दुरुस्ती वैध ठरवली. न्यायालयाने ज्या कायद्यावर बोट ठेवले तोच कायदा बदलला, कसा बदलला ते छापले, आणि तो बदल न्यायालयासमोर पुन्हा उभा केला. मराठा आरक्षणातही एका टप्प्यावर असेच घडले. २७ जून २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कायदा मान्य केला, पण १६ टक्के जास्त होतात, मागासवर्ग आयोगाच्या शिफारशीप्रमाणे शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर यावे असे सांगितले, आणि विधिमंडळाने काही दिवसांत तशी दुरुस्ती केली. पुढे ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. त्या निकालाचा एक भाग, मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडून गेल्याचा, संसदेने ऑगस्टमध्ये एकशे पाचव्या घटनादुरुस्तीने दुरुस्त केला. एकूण आरक्षण ५० टक्क्यांवर जाऊ नये, या निकालातल्या दुसऱ्या भागाला मात्र संसदेने हात लावला नाही, आणि २०२४ मध्ये राज्याने केलेल्या १० टक्क्यांच्या नव्या कायद्यापुढे तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. घटनादुरुस्ती करायची, पण निकालाचा सगळ्यांत अवघड भाग तिच्यातून वगळायचा, हे उत्तर अर्धवटच म्हणायला हवे.

विधिमंडळाच्या उत्तरांना निदान दिवसाचा उजेड लागतो. विधेयक छापले जाते, विरोधक बोलतात, राज्यपालांची सही होते. प्रशासनाची उत्तरे पुष्कळदा या उजेडाबाहेर दिली जातात, आणि इथे आपला महामार्ग येतो. मद्रास उच्च न्यायालयात सुरू झालेल्या वादात १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. कारण एकच, दारू पिऊन गाडी चालवल्याने रस्त्यावर मरणारी माणसे. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंत वस्ती असलेल्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर झाले. तेवढ्यात देशभरच्या राज्यांना एक सोपी युक्ती सुचली: दुकान हलवण्याऐवजी महामार्गाचे नावच बदलायचे. शहरातून जाणारा राज्य महामार्ग एका अधिसूचनेने जिल्हा रस्ता किंवा पालिकेचा रस्ता झाला. रस्ता तोच, वाहने तीच, चालक तेच. जुलै २०१७ मध्ये चंदीगडच्या प्रकरणात न्यायालयाने शहरी हद्दीतले असे फेरवर्गीकरण चूक ठरवले नाही, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतीच्या हद्दीतले भाग पुरेसे विकसित आहेत का हे ठरवणे राज्यांवर सोपवले. म्हणजे मनोरसारख्या महामार्गावरच्या गावात काय चालावे हे शेवटी मंत्रालयाच्या वर्गीकरणावर आले. कायद्याने हे बसते. पण अपघात कमी कसे करणार, हा जो प्रश्न न्यायालयाने विचारला होता, त्याला कोणत्याही अधिसूचनेत उत्तर नव्हते. रात्रीची तपासणी वाढवू, ट्रकचालकांसाठी विश्रांतीच्या जागा करू, असे काही म्हणत सरकार न्यायालयात गेले असते, तर अंतराच्या नियमात सवलत मागायला त्याला तोंड राहिले असते.

नाव बदलण्याची हीच रीत पश्चिमेकडे, समुद्रावर, फार मोठ्या गोष्टीसाठी वापरली गेली. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि प्रदूषणकारी, म्हणजे ‘लाल’ वर्गातल्या, उद्योगांना तिथे मज्जाव केला. तिची अंमलबजावणी होत नाही म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालानुसार त्याच डिसेंबरमध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन केले. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. हे उत्तर मी अनुकरणीय मानतो. न्यायालयाने सांगितले आणि सरकारने यंत्रणा उभी केली; ती वर्षानुवर्षे लोकांच्या तक्रारी ऐकत राहिली. १९९८ मध्ये याच तालुक्यातल्या वाढवणला बंदर आणण्याचा पहिला प्रस्ताव याच प्राधिकरणाने नाकारला. धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला तत्त्वतः मान्यता दिली. अडथळा तोच होता: लाल वर्ग. तो दूर करायला १९९१ ची अधिसूचना दुरुस्त करता आली असती; मसुदा प्रसिद्ध झाला असता, हरकती आल्या असत्या, वाढवण-वरोर-चिंचणीच्या मच्छीमारांना आपले म्हणणे मांडता आले असते. तसे झाले नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना लाल वर्गातून बाहेर काढले आणि ८ जूनला मंत्रालयाच्या कार्यालयीन ज्ञापनाने बंदर हा उद्योगच नव्हे अशी भूमिका घेतली. एप्रिलमध्ये देश टाळेबंदीत होता, जूनमध्ये तिच्यातून जेमतेम बाहेर पडत होता. राष्ट्रीय हरित लवादाने जून २०२१ मध्ये हा प्रश्न तज्ज्ञांकडे पुन्हा पाठवायला लावला. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने अटींसह ना हरकत दिली, १८ एप्रिल २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, जूनमध्ये ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्टला पालघरात पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली.

शेवटी न्यायालयानेच परवानगी उचलून धरली, मग तक्रार कसली, असे कोणी विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की न्यायालय निर्णय बेकायदा आहे का एवढेच पाहते. तो घेण्याची सर्वांत प्रामाणिक रीत वापरली का, हे पाहणे त्याचे काम नाही, ते नागरिकांचे आहे. बंदर हवे की नको यावर या किनाऱ्यावर दोन मते आहेत आणि रोजगाराची आशा धरणाऱ्यांना हिणवण्याचे कारण नाही. पण ज्या अधिसूचनेच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने प्राधिकरण नेमायला लावले, तिचा अर्थ एका ज्ञापनाने बदलला जातो तेव्हा ज्यांचे समुद्रावर पोट आहे त्यांच्या मनात एक ठाम समजूत बसते: जिंकलेला निकालही आपल्याकडे टिकत नाही. ती समजूत काढायला पुढे कितीही जनसुनावण्या घेतल्या तरी पुरत नाहीत.

दुसरी रीत याच जिल्ह्यात वापरली गेली आहे, म्हणून हे अशक्याचे मागणे नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या कांदळवनांची तोड थांबवली आणि सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठी तोडायची असल्यास आधी न्यायालयाची परवानगी घ्यायला सांगितले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर मुंबई, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत मिळून सुरुवातीच्या अंदाजाने ५३,४६७ कांदळवृक्ष जाणार होते. ठाणे स्थानकाचा आराखडा बदलून ही संख्या खाली आणली गेली, आणि रेल्वे महामंडळाने न्यायालयासमोर २१,९९७ झाडांसाठीच परवानगी मागितली. पर्यायी लागवडीचा हिशेब मांडला गेला, विरोधकांनी तो तपासला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली. प्रकल्प थांबला नाही. तोडायच्या प्रत्येक झाडाचा हिशेब मात्र चारचौघांत द्यावा लागला.

या सगळ्यावर एक मोठा आक्षेप आहे. आमदार-खासदार लोकांनी निवडलेले, न्यायाधीश नाहीत. मग निवडून आलेल्यांनी न निवडलेल्यांना एवढा हिशेब का द्यावा? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. कुळांना जमीन देणारे कायदे न्यायालयांत अडकू लागले तेव्हा १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववी अनुसूची आली, आणि तिच्यात अगदी दुसऱ्या क्रमांकावर मुंबईचा १९४८ चा कूळ कायदा होता. त्या कायद्याचा आधार ठाणे-पालघरच्या कुळांना किती होता हे इथल्या जुन्या पिढीला सांगायला नको. न्यायालये चुकतात आणि संसदेने त्यांना ओलांडावे अशा वेळा येतात, हे त्यावरून सिद्धच होते. पण पहिली घटनादुरुस्ती संसदेत उघड, कडाक्याची चर्चा होऊन झाली. ‘निवडून आलेले’ हा अधिकार सभागृहातल्या त्या चर्चेतून येतो. कक्ष अधिकाऱ्याच्या सहीने निघालेल्या ज्ञापनाला तो आपोआप चिकटत नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: न्यायालये कधीकधी असे आदेश देतात की ते शब्दशः पाळले तर अनर्थ होईल. ऑक्टोबर २०२२ मध्ये गायरान जमिनींवरची अतिक्रमणे वर्षअखेर हटवण्याचा आदेश आला तेव्हा दोन लाखांवर बांधकामांचा प्रश्न होता आणि त्यात गावोगावच्या भूमिहीनांची घरे होती. तिथे आदेश मुकाट्याने पाळणे चूक ठरले असते आणि मुकाट्याने न पाळणेही. अशा वेळी न्यायालयापुढे जाऊन कोणाची घरे, किती जुनी, पर्यायी जागा कुठे, ही माहिती मांडावी आणि मुदत मागावी, ही वाट खुली असते.

आता नोकऱ्यांकडे. अवैध ठरलेल्या जमात-दाखल्यावर नोकरी मिळवलेल्यांना संरक्षण देण्याचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१४ मध्ये मोकळा केला होता. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बंद केला: राज्याच्या जात पडताळणी कायद्यानुसार अवैध दाखल्यावर मिळालेला लाभ जायलाच हवा. निकाल स्वच्छ होता. सरकारने दोन वर्षांहून अधिक काळ घेतला आणि २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदांवर, सुरुवातीला अकरा महिन्यांसाठी, वर्ग केले. रिकाम्या होणाऱ्या सुमारे १२,५०० जागा खऱ्या आदिवासी उमेदवारांतून विशेष मोहिमेने भरण्याचे ठरवले. कुटुंबे एका रात्रीत उघड्यावर येऊ नयेत ही काळजी मी समजू शकतो. पण जे संरक्षण न्यायालयाने नाकारले तेच शासन निर्णयाने दुसऱ्या नावाने चालू राहिले, आणि भरतीचे आश्वासन वर्षानुवर्षे आंदोलनांचा विषय झाले. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या सतरा संवर्गांची भरतीही सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणामुळे अडली, आणि २०२४ मध्ये निवड झालेल्या उमेदवारांना मानधनावर तात्पुरते नेमण्याची वाट शासनाने काढली. जव्हार-मोखाड्याच्या शाळेत शिक्षक, डहाणूच्या पाड्यावर आरोग्यसेवक, मनोरच्या आसपास वनरक्षक म्हणून जी मुले लागायला हवी होती, त्यांचे वय या काळात भरतीची मर्यादा ओलांडत राहिले.

पालघर जिल्ह्यातल्या विधानसभेच्या सहा जागांपैकी डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर या चार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. या चारही आमदारांनी येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न विचारावा: २०१७ च्या निकालानुसार आपल्या जिल्ह्यात किती पदे रिकामी झाली, कोणत्या खात्यांत, आणि त्यांतली किती आजवर नियमित भरतीने भरली? उत्तर खातेनिहाय आणि तारखांसह सभागृहाच्या पटलावर यावे, आणि इथल्या मतदारांनी ते येईपर्यंत त्यांच्याकडे मागत राहावे.